स्वयंपाकघराची दुसरी चाल

४ ऑक्टोबर

रोजनिशी लिहायला मला कानाच्या डॉक्टरांनी भाग पाडलं. एरवी मी या भानगडीत पडले नसते. डाव्या कानात अधूनमधून शिट्टी वाजते. त्यातली कानातली किती आणि बाहेरची किती हे ठरवायचं तर रोज काय ऐकू आलं ते लिहून आणा, नाहीतर पुन्हा दवाखान्याची पायरी चढू नका, असं त्यांनी सुनावलं. माणूस माझ्याइतकाच खडूस निघाला, म्हणून ऐकलं.

तर आजचे आवाज. टॅक्सीची डिकी लागेना, ती चालकाने आपटून आपटून लावली. फाटकाची कुरकुर. मग धाकटीची किंकाळी. साठीला टेकली तरी माझी ही बहीण आनंद झाला की किंचाळते. जिन्यावरून धडधडत आली, गळ्यात पडली, माझी ट्रंक उचलून बघितली आणि म्हणाली की ताई, राहायला आलीयेस की शाळा भरवायला? ट्रंकेत स्वरलिपीच्या वह्या आहेत. मी म्हटलं, दोन्हीसाठी, आणि जिना उतरताना पाय जरा हळू टाकत जा.

घर मला आवडलं. गल्लीच्या टोकाला, अरुंद, दुमजली. खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, वर दोन खोल्या, मधे लाकडी जिना. स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या लाँड्रीच्या अंगणात उघडते. तिथे दिवसभर पांढऱ्या चादरी वाळतात, त्यामुळे भांडी घासताना जहाजात उभं असल्यासारखं वाटतं. धाकटी म्हणते, इतकी वर्षं जहाजात आहे, बंदर काही येत नाही. मला मिळालेली खोली पिवळ्या भिंतींची, भरपूर उजेडाची. वसतिगृहाच्या खोलीत आयुष्य काढल्यावर ही म्हणजे चैनच. कानात शिट्टी नाही.

६ ऑक्टोबर

कामाला लागले. काम काय ते इथे लिहून ठेवते, म्हणजे डॉक्टर विचारणार नाहीत की बाई, तुम्ही दिवसभर हेडफोन लावून करता काय.

धाकटीचे यजमान, म्हणजे आमचे मेहुणे, तरुणपणी व्हिडिओ गेमना संगीत देत. हे सगळं याच घरात, वरच्या खोलीत बसून. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला, वाचा गेली, आणि आता ते चौकापलीकडच्या शुश्रूषागृहात असतात. त्यांचा एक जुना गेम एक कंपनी नव्याने बाजारात आणते आहे. कंपनीला त्यातलं सगळं संगीत हवं आहे, गेममध्ये कधीच न वाजलेल्या पर्यायी चालींसकट. मूळ फ्लॉपी मेहुण्यांच्या कपाटात आहेत. त्यांतून फाइली काढायला कंपनीने एक तंत्रज्ञ धाडला आहे. टक्कल पडलेला, ढेरपोट्या, अतिशय उत्साही. जुन्या गेममधून काय काय उकरून काढतो म्हणून धाकटीने त्याचं नाव खोदकाम्या ठेवलं आहे, आणि तो त्यावर खूश आहे. तिला वहिनी म्हणतो, मला मॅडम. मला नुसतं बाई म्हण, असं सांगितलं तर म्हणाला की बाई म्हटलं की माझा हात आपोआप पुढे होतो, छडी खायला.

या फाइलींत वाजवलेलं संगीत नसतंच. नुसत्या सूचना असतात. हा सूर, इतका वेळ, अशा आवाजात. त्या वाचून यंत्र वाजवतं. म्हणजे आपली स्वरलिपीच. फाइल नीट वाचली गेली की सूर घसरले हे खोदकाम्याला कळत नाही, मला कळतं. आणि या यंत्राला एका वेळी चारच आवाज काढता येत. प्रत्येक चालीत चार ओळी, पहिली गाण्याची, बाकीच्या साथीच्या. चार आवाजांची समूहगानं बसवण्यात माझी हयात गेली. धाकटीने मला उगाच नाही बोलावलं.

गेम साधा आहे. एक मुलगी रिकाम्या घरात फिरते आणि दिवे लावते. प्रत्येक खोलीला एक चाल. आज स्वयंपाकघराची चाल काढून वाजवली, आणि खालून धाकटीचं गुणगुणणं आलं. तीच चाल, त्याच सुरात. जाऊन विचारलं तर हसली. हा माणूस एकेक चाल महिनोन्महिने घासत बसायचा, म्हणाली, माझ्या अंगातच मुरल्यात त्या. खरंच. स्वयंपाकघरात स्वयंपाकघराची गुणगुणते, जिन्यात जिन्याची, न्हाणीघरात न्हाणीघराची. तिचं तिला कळतही नाही.

९ ऑक्टोबर

धाकटी रोज दुपारी नवऱ्याला जेवू घालायला जाते. आज मीही गेले. परिचारिकेने सूपचा चमचा पुढे केला तर मेहुण्यांनी ओठ मिटले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मग धाकटीने चमचा घेतला आणि स्वयंपाकघराची चाल गुणगुणायला लागली. त्यांनी तोंड उघडलं. गुणगुणणं थांबलं की तोंड बंद. परिचारिका म्हणाली, आजी, तुमचा घसा बसला तर आमचे आजोबा उपाशी मरतील, जपा. धाकटी म्हणाली की जन्मभर यांनी माझं काही ऐकलं नाही, आता ऐकतायत तर ऐकू देत.

बाहेर आल्यावर मात्र व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली. खाणं सुटलं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि नळी मेहुणे फार दिवस सोसणार नाहीत, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. मी काही बोलणार तोच ती भाजीच्या भावाबद्दल बोलायला लागली. मग मीही मेथीचा भाव विचारला.

परत आल्यावर खोदकाम्याने एक गंमत दाखवली. गेममधली मुलगी चालायला लागली की तिच्या पावलांचा आवाज काढायला यंत्राकडे जागा नसे. चारही आवाज गाण्यात अडकलेले. मग यंत्र गाण्याची एक ओळ तेवढ्यापुरती बंद करी. पावलं थांबली की ती ओळ पुन्हा सुरू, पण तुटली तिथून नाही. मधलं गिळून पुढून. खोदकाम्या म्हणाला की मॅडम, लहानपणी आम्हाला वाटायचं, गाणं श्वास घेतंय. मला तो प्रकार आवडला नाही. गाणाऱ्याच्या तोंडावर कुणी हात दाबल्यासारखं वाटलं.

१२ ऑक्टोबर

पर्यायी चाली सापडल्या. प्रत्येक खोलीची एक दुसरी चाल आहे. सूर तेच, पण गंधार उतरवलेला, लय किंचित संथ, आणि शेवट घरात न येता दारातच थांबतो. ऐकताना मान आपोआप मागे वळते. चांगलं काम आहे. मेहुण्यांबद्दल माझं मत सुधारलं.

पण सगळ्यांत एकच खोट. ओळी चार, वाजतात तीन. चौथी गप्प. बरं, गाळलेली नाही. पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत मोजून गप्प लिहिलेली आहे. खोदकाम्या म्हणाला की त्या काळी फ्लॉपीवर जागेसाठी मारामारी असायची, नुसतं गप्प बसायला कुणी कुणाला जागा देत नव्हतं. मी म्हटलं, मग फाइल खराब झालीय आणि सूर उडालेत. त्याने दुसऱ्या प्रतीवरून वाचून पाहिलं. तेच. तो म्हणाला, तशीच देऊन टाकू, संगीतकाराचीच मर्जी असेल. मी म्हटलं, अपुरी वही मी आजवर कुणाकडून घेतली नाही आणि कुणाला दिलीही नाही. तीन ओळी समोर असल्या की चौथी काय असणार हे जाणकाराला सांगता आलं पाहिजे. परीक्षेला मी हाच प्रश्न घालत असे. खोदकाम्याने मुकाट्याने हात पुढे केला. त्याला वाटतं तो फार विनोदी आहे.

चौथी ओळ मी लिहिणार. स्वयंपाकघरापासून सुरुवात.

१३ ऑक्टोबर

दुपारी पाणी प्यायला खाली गेले आणि दारातच थांबले. धाकटी गाजरं किसत होती आणि गुणगुणत होती ती दुसरी चाल. उतरलेल्या गंधारासकट. विचारलं, हे कुठे ऐकलंस. ती म्हणाली, काय कुठे ऐकलं? मी गाऊन दाखवलं. तिने कपाळावर हात मारला. ताई, पाचवीपासून मला बेसूर म्हणत आलीस, आता म्हातारपणी तरी सोड.

ती खोटं बोलत नव्हती. पण पर्यायी चाली आम्ही फक्त हेडफोनवर ऐकल्या आहेत, त्याही दार लावून. हेडफोनमधून आवाज गळत असणार.

खिडकीबाहेर वारा पडला होता. चादरी सरळ लोंबत होत्या. धाकटी कचरा टाकायला बाहेर गेली, परत आली, आणि नेहमीची चाल गुणगुणू लागली.

१५ ऑक्टोबर

चौथी ओळ झाली. अशी बसली आहे की ती कधी नव्हतीच हे कुणाला सांगूनही पटणार नाही. खोदकाम्याने ती फाइलीत भरली आणि मी त्याला हेडफोन बाजूला ठेवून मोठ्याने वाजवायला लावली. चारही आवाज. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

चाल संपता संपता खाली काचेची ताटली फुटली.

धाकटी ओट्याला पाठ लावून उभी होती. मला बघून म्हणाली की ताई, असली थट्टा मला आवडत नाही. मी विचारलं, कसली? ती म्हणाली, मी गात होते तेव्हा शेजारी उभं राहून तू साथ नव्हतीस देत? म्हटलं, मी वर होते, खोदकाम्याला विचार. ती बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली. मग हसली आणि म्हणाली की म्हणजे आता माझेही कान तपासून घ्यायला हवेत, दोघींची एकच रोजनिशी घालू.

काच मी झाडली.

१६ ऑक्टोबर

खोदकाम्याने आज गेमचा मूळ प्रोग्राम उघडला. कुठली चाल कधी वाजवायची हे त्यात लिहिलेलं असतं. दुसऱ्या चालीसाठी एकच अट आहे. खोलीत दोघं असतील तर.

मी म्हटलं, बरं मग? तो म्हणाला की मॅडम, गेममध्ये दुसरं कुणी नाहीच. ती मुलगी आणि रिकामं घर. दुसऱ्याचं चित्र नाही, नाव नाही, काही नाही. म्हणून तर या चाली कधी वाजल्या नाहीत.

खाली धाकटी एकटी चादरींच्या घड्या घालत होती. दुसरी चाल गुणगुणत.

मी जोरात हाक मारून तिला वर बोलावलं. काही काम नव्हतं. काहीतरी कारण सांगितलं.

१७ ऑक्टोबर

हे नीट लिहायला हवं.

सकाळी धाकटी जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून लाँड्रीवालीची गोष्ट सांगत होती. तिच्या कुत्र्याने कुणाचा तरी शर्ट पळवला. मी वरच्या पायरीवर. मधेच तिचा आवाज बंद झाला. ती थांबली नव्हती. ओठ हलत होते, हातवारे चालू होते, हसली सुद्धा. आवाज नाही. आणि त्याच वेळी आमच्या दोघींच्या मधल्या पायऱ्यांवर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. मग पावलं थांबली आणि धाकटीचा आवाज आला. पण शर्ट पळवला तिथून नाही. पार पुढून, लाँड्रीवालीने पैसे परत केले तिथून.

आधी मला वाटलं, माझा कान. तेच बरं झालं असतं. पण खोदकाम्या माझ्या मागे उभा होता आणि त्याने माझा दंड धरला होता. मॅडम, वहिनींची ओळ तुटली, असं तो म्हणाला. एवढंच.

धाकटीला कळलं नाही. ती म्हणाली की तुम्ही दोघं अशी काय बघताय, शर्ट काय माझ्या नवऱ्याचा होता?

१८ ऑक्टोबर

आज तीनचार वेळा. न्हाणीघरापाशी, स्वयंपाकघरात, पुन्हा जिन्यात. दर वेळी पावलं जास्त वेळ वाजतात. दर वेळी तिचा आवाज उशिरा परत येतो.

दुपारी शुश्रूषागृहात ठीक होतं. तिथे पावलं नाहीत. मी तिला म्हटलं की चार दिवस कुठेतरी दुसरीकडे राहू. ती म्हणाली, का? तिला अजून काही माहीत नाही. सांगायला हवं होतं. उद्या सांगेन असं ठरवलं. घरी आलो, तिने कुलूप उघडलं, आत पाऊल ठेवलं, माझ्याकडे वळून काहीतरी बोलली.

पावलं आत, स्वयंपाकघरात. इकडून तिकडे. थांबेनात.

तिने मग घशाला हात लावला.

१९ ऑक्टोबर

आवाज परत आलेला नाही. पावलं पहाटे थांबली तरी नाही. तिला घेऊन घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. घसा स्वच्छ आहे, सगळं हलतं आहे, आवाज यायलाच हवा, असं म्हणून त्यांनी खांदे उडवले. खोदकाम्याने आम्हाला आपल्या घरी नेलं, त्याच्या बायकोने चहा केला, दिवसभर तिथे बसलो. तिथेही नाही. एकदा गेलेला आवाज घर सोडून मागे येत नाही.

मेहुण्यांनी आज काही खाल्लं नाही. धाकटी त्यांच्यासमोर ओठ मिटून गुणगुणत राहिली, बिनआवाजाची. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे वळले. मी गाऊन बघितलं. खोदकाम्यानेही. नाही.

उद्यापर्यंत वाट बघू, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

२० ऑक्टोबर

सकाळी एकटी त्यांच्याकडे गेले. हेडफोन घेऊन. आधी स्वयंपाकघराची दुसरी चाल ऐकवली, मूळ, तीन ओळींची. त्यांचं बोट चादरीवर ताल धरू लागलं. डोळे मिटलेले, चेहरा शांत. मग माझी ऐकवली. चार ओळींची.

त्यांनी डोळे उघडले. चांगला हात उचलून माझं तोंड दाबलं. हेडफोन काढायचं सोडून माझं तोंड.

परिचारिका धावत आली. मी तिला थांबवलं, कारण ते गात होते. एक शब्द बोलता न येणारा माणूस स्वयंपाकघराच्या चालीवर, तुटक, लाळ गळत, शब्द गात होता. ती जागा त्याची. रिकामी ठेव. ती जागा त्याची. रिकामी ठेव. एवढंच, पुन्हा पुन्हा, दमून झोप लागेपर्यंत. परिचारिका म्हणाली की आजी, चमत्कार झाला. 

खोदकाम्याला सांगितलं. तो कपाळ बडवत खुर्चीत बसला. म्हणाला की हे मला कळायला हवं होतं. पुढे कुणाची पावलं वाजणार हे आधीच ठाऊक असेल तर संगीतकार एक ओळ मुद्दाम मोकळी सोडतो. म्हणजे पावलं तिथे वाजतात आणि गाण्यातल्या कुणाला गप्प बसावं लागत नाही.

मेहुणे या घरात एवढी वर्षं राहिले. ज्याची पावलं वाजतात त्याला त्यांनी जागा करून दिली होती. तो यायचा, जायचा. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

ती जागा मी भरली.

२१ ऑक्टोबर

फाइलीतली ओळ पुसली. सगळ्या प्रतींतून. कंपनीकडे काहीच गेलेलं नव्हतं.

फरक नाही.

पावलं सकाळपासून. धाकटीने पाटीवर लिहून दाखवलं — ताई, तूसुद्धा सारखी गुणगुणतेस. मी म्हटलं, काय गुणगुणते? तिने लिहिलं — तुलाच माहीत. माझ्या चालीच्या खाली काहीतरी.

खोदकाम्याने मान हलवली. हो मॅडम. पंधरा तारखेपासून. जिन्यात, ओट्यापाशी, सगळीकडे.

फाइलीतून गेली. माझ्यातून नाही. बसवलेली ओळ विसरता येत नाही, हे मी मुलींना शिकवत आले —

तोंडात रुमाल धरून बसले. डोक्यात चालूच.

मेहुण्यांना उद्या संध्याकाळी नळी घालणार. धाकटीने कागदावर सही केली. भाजीचा हिशेब करावा तशी. तेच मला सहन झालं नाही.

२२ ऑक्टोबर, सकाळ

खोदकाम्याला विचारलं. पावलं आली की चारांतली कुठली ओळ तोडायची हे यंत्र कशावरून ठरवतं? तो वायरी गुंडाळत बसला. दरडावून विचारलं. फाइलीच्या सुरुवातीला एक आकडा असतो, म्हणाला. मूळ फाइलींत तो चार होता. आपण माझ्या नव्या साधनाने साठवलं तेव्हा आपोआप एक झाला. लक्ष गेलं नाही.

पहिली ओळ. गाण्याची. धाकटीची.

म्हटलं, माझी ओळ परत भर आणि आकडा चार कर.

तो रडायला लागला. चांगला बाप्या माणूस. मॅडम, चौथी ओळ म्हणजे तुम्ही. मी म्हटलं, गणित कळतं मला. हात पुढे कर, मी छडी मारते, पण आधी ते कर.

केलं त्याने.

धाकटीला यातलं काही सांगितलं नाही. ती विचारणार, आणि मी खोटं बोलू शकत नाही.

२२ ऑक्टोबर, दुपार

स्वयंपाकघरात, टेबलापाशी. उजेड आहे. चादरी हलत नाहीत. धाकटी समोर, आवाज नसलेली, ओठ मिटून. खोदकाम्या ओट्यापाशी. मी माझी ओळ गुणगुणते आहे. मोठ्याने. लाज न बाळगता.

पावलं जिन्यात —

दारात. माझ्या खुर्चीमागे.

मी गाते आहे. ऐकू येत नाही. टेबलावर हात आपटला. त्याचाही आवाज —

धाकटी दचकली. खोकली. आवाज आला! ताई म्हणाली. अगदी स्वच्छ. ताई, बोलता येतंय, ताई —

माझ्याकडे बघत नाही.

खुर्चीकडे बघते आहे. खुर्चीतून पलीकडे. जिन्याकडे तोंड करून ताई, ताई. वर जाऊन आली. खोदकाम्याला विचारते आहे, ही आत्ता इथे होती ना? तो तोंड झाकून उभा आहे. त्याने तिला घड्याळ दाखवलं. शुश्रूषागृह. जा वहिनी, आधी तिकडे जा, नळी घालायच्या आत.

पदराने तोंड पुसलं तिने. डबा भरते आहे. घाईत. गुणगुणते आहे. तिचं तिला कळत नाही.

दुसरी चाल.

पेन्सिल अजून चालते. तोवर नोंद करून ठेवते.

सुपूर्द केलं ते असं.

खोदकाम्याला : फ्लॉपी सगळ्या, मूळ आणि प्रती. हेडफोन. चौथी ओळ आता पुसून कायमची मोकळी ठेवावी, कुणीही भरू नये, ही तंबी.

धाकटीला : तिचा आवाज, पुरता. तो घेऊन ती फाटकाबाहेर पडली.

घरातल्या त्याला : माझा आवाज. माझ्या पावलांचा. खुर्ची सरकल्याचा. माझं दिसणं, हे मी देऊ केलं नव्हतं, पण त्याने

त्याच्याकडून मला मिळालं : त्याची रिकामी जागा. तो गेला. दार वाजलं नाही, पण गेला. ती आता माझी, आणि मी ती नीट